तोडकर सरांचा युरोप आणि लिंबारीचं पाणी

तोडकर सरांचं नाव निघालं की अजून माझं डोकं फिरतं. आणि नाव सारखं निघतं. मांजरसुंब्याला एसटीची वाट बघत उभी असले की एखादा टक्कल पडलेला जुना विद्यार्थी ढाब्यातून बाहेर येतो, वाकून नमस्कार करतो आणि विचारतो, "मॅडम, तोडकर सर कसे हायत?" उत्तराला थांबत नाही, लगेच त्यांची नक्कल करतो. मान तिरकी, डोळे बारीक, नाकपुड्या फुगलेल्या आणि तोंडातून एकच शब्द, "शी!" आजूबाजूचे हसतात. मीही हसते, कारण नक्कल खरंच छान जमलेली असते. पण घरी पोचेपर्यंत माझं तोंड कडू झालेलं असतं.

एवढा हुशार माणूस! दुसऱ्यांच्या चुका इतक्या स्वच्छ दिसायच्या त्याला. आणि पाच गावांच्या पाण्याचा प्रश्न स्वतःच्या हातात आला तेव्हा काय केलं? ज्या गोष्टीला आयुष्यभर शिव्या घातल्या, नेमकी तीच. त्यापायी एका गावाचं पिण्याचं पाणी गेलं. मी तिथे होते, म्हणून सांगते.

सर आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि मी भूगोल. रंगनाथ तोडकर, मूळचे नांदूरघाटाकडचे. पांढरा बुशशर्ट, पायात कायम सँडल, खिशात लवंगांची डबी. राग आला की एक लवंग दाढेखाली धरायचे, आणि राग त्यांना दिवसभर यायचा. फळा ओल्या फडक्याने पुसला, शी. प्राचार्य परिपत्रक स्वतः मोठ्याने वाचून दाखवतात, शी. एका सत्कारातला नारळ पुढच्या सत्काराला फिरवतात, शी शी शी. त्यांच्या शेजारी बसून डबा खाणं म्हणजे शिक्षाच होती, कारण माझ्या भाजीतल्या तेलाबद्दलही त्यांचं मत असायचं.

जीव मात्र त्यांचा युरोपात. हैदराबादच्या पलीकडे हा गृहस्थ कधी गेला नाही, पासपोर्ट काढला नाही. पण आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या पेपरात 'युरोपचे एकीकरण' नावाचं एक प्रकरण होतं, आणि बाकीचे प्राध्यापक जे एका तासात उरकायचे ते सर दिवाळीपर्यंत चालवायचे. अभ्यासक्रम राहतो म्हणून ओरड झाली, तर प्राचार्यांनाच म्हणाले, "हे एक प्रकरण ज्याला कळलं त्याला दूध संघ कळतो, सोसायटी कळते, कारखाना कळतो. बाकीची प्रकरणं पोरं गाइड वाचून लिहितील." प्राचार्यांनी तो विषय तिथेच सोडला, कारण सरांच्या विषयाचा निकाल चांगला लागायचा.

पेपरात कुणी लिहिलं की 'युरोपातील देश एकत्र आले', तर सर त्याला वर्गात उभं करायचे. "देश आले? चालत आले? देशाला पाय असतात का रे? सरकारं आली. कुठलं सरकार आलं, काय वाचवायला आलं, येताना घरी कुणाला घाबरत होतं, ते लिही. फ्रान्सच्या सरकारला आपला शेतकरी सांभाळायचा होता. जर्मनीच्या सरकारला जगात परत मान पाहिजे होता. प्रेम नव्हतं रे बाबांनो. हिशोब होता." पोरं बिचारी उमापूरची, नेकनूरची, ऊस तोडून आलेल्या आईबापांची. पण सहकाराच्या जिल्ह्यातली. एकजण मागून बोलला, "म्हंजे सर, आपल्या कारखान्याच्या संचालक मंडळावानी?" सर म्हणाले, "बस खाली. तू पास झालास." तो पोरगा खरंच पास झाला.

त्यांचा आवडता तास रिकाम्या खुर्चीचा. त्या तासाला शेजारच्या वर्गातली पोरंही येऊन दाराशी उभी राहायची. सर टेबलामागची खुर्ची ओढून वर्गाच्या मधोमध ठेवायचे, रुमालाने पुसायचे आणि म्हणायचे, "इथं कुणी बसायचं नाही. हे फ्रान्स." मग सुरू. साल एकोणीसशे पासष्ट. सहा सरकारांचा समुदाय. ठरलेलं असं की पुढच्या वर्षापासून बऱ्याच बाबतीत बहुमताने निर्णय घ्यायचे. तेवढ्यात शेतीच्या पैशावरून भांडण निघालं आणि फ्रान्सच्या सरकारने बैठकीला मंत्री पाठवणंच बंद केलं. बाकीचे पाच हात चोळत बसले. शेवटी सहासष्टच्या जानेवारीत लक्झेंबर्गला बसून समजूत काढली. फ्रान्स म्हणालं, एखादा विषय आम्हाला जिव्हाळ्याचा असेल तर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसायचं, मत घ्यायचं नाही. बाकीच्या पाचांनी कागदावर ते मान्य केलं नाही. "पण वागले तसंच!" सर खुर्चीची पाठ थोपटत ओरडायचे. "वर्षानुवर्षं तसंच वागले! नियमात बहुमत आणि व्यवहारात रुसवा. शी! पाच जण होते रे, पाच. एकालाही म्हणता आलं नाही की राहू दे त्याची खुर्ची रिकामी, आपण काम करू." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "संघ कोण चालवतं? ज्याच्या उठून जाण्याने तो मोडतो, तो चालवतो. लिहून घ्या."

पोरं लिहून घ्यायची आणि विसरून जायची. सरांचं सगळ्यात मोठं दुःख हेच होतं. मला म्हणायचे, "मॅडम, तुमचे विद्यार्थी नदी बघितली की तुमची आठवण काढतात. माझी कशाला काढतील? इतकी वर्षं घसा फोडला. एकाच्या तरी डोक्यात ते प्रकरण राहिलं असेल का?" मी म्हणायचे, असेल की. ते लवंग काढायचे आणि दुसरीकडे बघायचे.

युरोच्या नोटा आल्या ते वर्ष. वर्तमानपत्रात त्यांचे फोटो छापून आले होते. सर ते कात्रण घेऊन स्टाफरूममध्ये फिरत होते. "हे बघा पूल. प्रत्येक नोटेवर पूल. कुठला पूल आहे सांगा? कुठलाच नाही! खरा पूल छापला असता तर तो एका देशाचा झाला असता, बाकीचे रुसले असते. म्हणून नसलेले पूल छापले. शी!" आम्ही हसलो. इतिहासाचे सर म्हणाले, अहो, चांगलंच आहे की, भांडणं टळली. त्यावर तोडकर सर त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

पण माणूस नुसता वटवट करणारा नव्हता हं. आमच्या स्टाफरूमच्या चहाची गोष्ट सांगते. उपप्राचार्यांना मधुमेह झाला, तर त्यांनी फर्मान काढलं की चहा बिनसाखरेचाच येईल, सगळ्यांना. लाज वाटते सांगायला, पण आम्ही प्यायलो. एम.ए., पीएच.डी. झालेली माणसं ते काळं कडू पाणी घोट घोट पीत होतो आणि छान छान म्हणत होतो. सरांनी एक दिवस कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हात वर करा. साखर पाहिजे कुणाला?" आधी कुणी हलेना. मग एकेक हात वर आला. उपप्राचार्य ताडकन उठले, "मग प्या तुम्हीच," म्हणत निघून गेले आणि चहाला यायचे बंद झाले. दोन दिवसांत लोकांची चुळबुळ सुरू झाली की जाऊन बोलावून आणू या, मोठा माणूस आहे. सर दारात आडवे उभे राहिले. "कुणी जायचं नाही. ते येतील. चहा प्या." सहामाही परीक्षेच्या सुमाराला उपप्राचार्य आपले आपण आले, स्वतःचा बिनसाखरेचा कप वेगळा मागवला आणि काही झालंच नाही अशा थाटात पेपर वाचत बसले. त्या दिवशी मला तोडकर सरांचा खरंच अभिमान वाटला.

म्हणून तर पुढचं मला सहन होत नाही.

युरोच्या नोटा आल्या त्याच वर्षी पावसाने लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली. आमच्या भागात एक साठवण तलाव होता, त्याच्या भोवती पाच गावं. काठाला लागून वडाळी, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात पैसेवालं, मोसंबीच्या बागा असलेलं. मधली तीन गावं, ज्यांच्या स्वतःच्या विहिरी तग धरून होत्या. आणि सगळ्यात लांब, उताराच्या टोकाला लिंबारी. लिंबारीची पिण्याच्या पाण्याची विहीर तलावाच्या पोटातच होती, तिथून पाइपाने पाणी गावात यायचं. तलावात पाणी असेल तर विहिरीला पाणी. काठावरच्या बागांच्या मोटारी चालत राहिल्या तर संक्रांतीनंतर लिंबारीला प्यायला थेंब उरणार नव्हता. मोटारी बंद ठेवल्या तर लोकांपुरतं पाणी उन्हाळा काढू शकत होतं. एवढा साधा प्रश्न.

पाच गावांनी मिळून पाणीवापर सहकारी संघ काढला. पोटनियम लिहायला बोलावलं तोडकर सरांना, आणि तलावाचा नकाशा काढायला सरांनी मला ओढून नेलं. सर इतके खूष मी कधी पाहिले नव्हते. हयातभर फळ्यावर काढलेली गोष्ट आता जमिनीवर काढायला मिळत होती. प्रत्येक गावाचा एक प्रतिनिधी आणि पाचातल्या तिघांनी हात वर केला की निर्णय झाला. कुणाला नकाराधिकार नाही. परत येताना जीपमध्ये म्हणाले, "मॅडम, जे त्यांना लक्झेंबर्गला जमलं नाही ते आपण वडाळीच्या गोदामात करून दाखवू."

संघाच्या नावावरूनच पहिली दुपार गेली. वडाळीचं नाव द्यायला बाकीचे तयार नाहीत, दुसरं कुठलं द्यायला वडाळी तयार नाही. शेवटी कुठल्याच गावाचं नसलेलं, कुठल्याही संस्थेला चालेल असं गुळगुळीत नाव दिलं. सर माझ्या कानाशी म्हणाले, "नोटेवरचा पूल." पण हसत म्हणाले.

वडाळीचा प्रतिनिधी म्हणजे तात्या. सोसायटीचा चेअरमन, बाजार समितीत वजन, पांढरे कपडे, बोलायला मधासारखा. लिंबारीच्या प्रतिनिधी सुभद्राबाई. त्या बौद्ध वस्तीतल्या. गावच्या पुढाऱ्यांना या संघात काही मलई दिसली नाही, म्हणून बाईला पाठवून मोकळे झाले. सुभद्राबाईंनी मात्र ते काम अंगाला लावून घेतलं. प्रत्येक बैठकीला पायी येऊन बसायच्या, सगळ्यांच्या आधी.

मोटारी बंद करायच्या बैठकीला वडाळीच्या गोदामात खताच्या पोत्यांचा वास सुटलेला आणि टेबलावर थंड पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या. दुष्काळाच्या बैठकीत! चिवडा आला, पेढे आले. मग विषय निघाला. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बाग जळाली तर ती परत उभी करायला किती वर्सं लागत्यात, म्हाईत हाय ना? वडाळीच्या जिवावर उठायचं ठरलंच असंल तर ठरवा. आमी कशाला बसू?" आणि उपरणं झटकून गेले. टेबलाच्या मधली खुर्ची रिकामी.

खोटं कशाला बोलू, सरांचा चेहरा उजळला. असा प्रसंग त्यांनी हजारदा शिकवलेला. ते उठून म्हणाले, "चौघं आहात. तीन हात पुरेत. घ्या मत."

एकच हात वर गेला, सुभद्राबाईंचा. मधल्या तीन गावांचे तीन पुढारी चिवड्याच्या बशीत बोटं फिरवत बसले. त्यांच्या बागा नव्हत्या, मोटारी नव्हत्या, तात्यांच्या बाजूचे होते अशातला भाग नाही. मनातून ते लिंबारीच्याच बाजूचे होते. पण आमच्याकडे सोसायटीपासून कारखान्यापर्यंत ठराव कसे होतात? सर्वानुमते. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, टाळ्या. मोजायला हात वर करणं म्हणजे कुणाचा तरी अपमान करणं. आणि मोठा माणूस उठून गेल्यावर त्याच्या माघारी हात वर करणं तर महापाप.

एकजण म्हणाला, "सर, तसं कसं? तात्याबिगर ठराव केला तर उद्या तोंड कसं दाखवायचं? लग्नकार्यात बसतो आमी एका पंगतीला."

"अहो, मत देणं म्हणजे भांडण नाही!" सर ओरडले.

"तुमच्या पुस्तकात नसंल," तो म्हणाला.

सुभद्राबाईंचा हात तसाच वर. त्या म्हणाल्या, "माणूस गेला तर जाऊ द्या की. पानी का त्याच्या संगं उठून गेलं व्हय? तुमी तिघं हायच की हितं." कुणी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ठरलं काय, तर बैठक तहकूब, आणि सरांनी तात्यांच्या घरी जाऊन समजूत काढायची. मी सरांना दारात गाठलं. म्हटलं, "सर, जाऊ नका. चहाच्या वेळी तुम्हीच म्हणाला होता, येतील आपले आपण." ते म्हणाले, "मी समजूत काढायला नाही जात. नियम समजावून सांगायला जातोय. तुम्ही चला."

गेलो. ओसरीवर खास सरांसाठी गादी घातलेली. तात्या स्वतः पुढे आले आणि सरांच्या पाया पडले. पार वाकून. "इतक्या बैठका झाल्या, तरी ओळखलं न्हाई का सर? तुमचा इद्यार्थी. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो. परीक्षा दिली न्हाई, पन तुमचा तास कंदी चुकवला न्हाई."

तात्या समोर बसले आणि सांगायला लागले. साल पासष्ट, सहा सरकारं, शेतीचा पैसा. मंत्री पाठवणं बंद. लक्झेंबर्ग. एक शब्द इकडचा तिकडे नाही. वर खुर्ची रुमालाने पुसायची नक्कलसुद्धा. "लई येळा इचार केला सर त्या तासाचा. म्हटलं, फ्रान्सनं काय चूक केली? घर सांभाळलं. तुमी म्हनायचे बगा, ज्याच्या उठून जाण्यानं मोडतो तो चालवतो. आज आमी तेच केलं. तुमच्याच शिकवणीनं चाललो."

आता यावर सरांनी काय म्हणायला पाहिजे होतं? अरे नालायका, मी ते शिव्या घालून शिकवलं होतं! लिंबारीची माणसं तहानेने मरतील! एक शी तरी? ज्या माणसाला माझ्या भाजीतलं तेल खपत नव्हतं त्याच्या तोंडून एक शी निघाली नाही. सरांचे डोळे भरून आले होते. खरंच सांगते, पाणी आलं होतं डोळ्यात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी डोक्यात ते प्रकरण राहिलं होतं.

"लक्झेंबर्गचं नीट लक्षात ठेवलंस हं," सर म्हणाले. आवाज असा, की आजोबा नातवाशी बोलतोय. मी चुळबुळले, घसा खाकरला, पदराचं टोक पिळलं. दोघांनाही मी तिथे असल्याचं भान नव्हतं. त्यांनी एकोणीसशे सहासष्टवर चर्चा केली, जर्मनीच्या सरकारने तेव्हा काय करायला हवं होतं त्यावर वाद घातला, वेलदोड्याची बासुंदी खाल्ली. दुष्काळात बासुंदी! उठता उठता सर म्हणाले, "मग तुझी हरकत कशी काढायची?" आणि तात्या हात जोडून म्हणाले, "लक्झेंबर्गला काढली तशीच काढा की सर."

सरांनी तशीच काढली. पुढच्या बैठकीत स्वतः उठून सांगितलं की ज्या गावाला एखादा विषय अत्यंत जिव्हाळ्याचा वाटेल त्यावर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालू ठेवावी, मत घेऊ नये. पोटनियम बदलायची गरज नाही, नुसती समजूत. तिन्ही पुढाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. टाळ्या वाजल्या. सर्वानुमते. तात्या येऊन बसले, पेढे वाटले गेले. सुभद्राबाईंनी विचारलं, "मंग मोटारी कवा बंद व्हनार?" तात्या प्रेमाने म्हणाले, "चर्चा चालू हाय ना, आक्का."

जीपमध्ये मी बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "संघ टिकला, मॅडम. तो उठून गेला असता तर लिंबारीला बोलायला जागासुद्धा राहिली नसती." मी म्हटलं, "बोलून काय प्यायचंय का त्यांना?" सरांनी लवंगांची डबी काढली, उघडली, परत मिटली.

चर्चा चालू राहिली. बैठक झाली की चिवडा, चिवड्यानंतर चर्चा, चर्चेनंतर पुढची तारीख. आणि वडाळीच्या मोटारी दिवसरात्र घुमत होत्या. मोसंबी हिरवीगार. तलाव आधी तळाला गेला, मग चिखल झाला, मग चिखलाला भेगा पडल्या. मेलेल्या माशांची घाण अशी सुटली की रस्त्याने जाताना एसटीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. लिंबारीच्या विहिरीत आधी गढूळ पाणी आलं, मग हिरवं, मग काहीच नाही. टँकर सुरू झाला तो कधी यायचा, कधी नाही. आला की झोंबाझोंबी. त्यात वस्तीचा नंबर शेवटी, तेव्हा टाकीच्या बुडाची गंजकी राड उरलेली असायची. जुलाबाची साथ आली. सुभद्राबाईंचा नातू दवाखान्यात ठेवावा लागला. वाचला, पण महिनाभर उभा राहिला नाही.

आणि वडाळीचे तात्या? चांगल्या कारभाराबद्दल त्यांचा सत्कार झाला. संघ न तुटू देता दुष्काळ निभावला म्हणून. व्यासपीठावर पहिल्या रांगेत आमचे तोडकर सर. नारळ घेतला त्यांनी. मी अर्ध्यातून उठून आले. राहवलंच नाही तिथे.

त्यानंतर सरांनी ते प्रकरण शिकवायचं सोडलं. म्हणाले, गाइडमधून वाचा. वर्गात खुर्ची ओढण्याचा आवाज येईना. स्टाफरूममध्ये पेपर तोंडासमोर धरून बसायचे. फळा ओला पुसला तरी काही बोलायचे नाहीत. लोक म्हणायचे, सर किती शांत झाले. मला ते शांत तोंड बघून आणखीच किळस यायची.

एके दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले. म्हणाले, "मॅडम, लिंबारीला येता का?" मी म्हटलं, कावून? कशाला? ते म्हणाले, "जायला पाहिजे." एवढंच. मला जायचं नव्हतं. पण त्यांना एकट्याला पाठवायचीही माझी तयारी नव्हती. तिथे काय बोलतील याचा नेम नव्हता, बहुधा लक्झेंबर्ग.

वस्तीत ऊन तापलं होतं. दारोदार रिकामे ड्रम साखळीने बांधून ठेवलेले, कारण ड्रमसुद्धा चोरीला जात होते. सुभद्राबाई ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, पदर नीट केला, सतरंजी टाकली. सर बसले नाहीत. उभ्या उभ्याच बोलायला लागले, शिकवताना बोलायचे तसे मुद्देसूद. तेव्हाची परिस्थिती अशी होती, पर्याय दोनच होते, संघ मोडला असता तर... सुभद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "सर, तुमी गेलते ना तात्याच्या घरी? तितं बसून ठरलं. मंग हितं यायला कावून इतकं दीस लागले? हितून बी विचारायचं की. लिंबारीला बी जिवाचा विषय व्हता."

सर म्हणाले, "चुकलं माझं."

"व्हय," त्या म्हणाल्या. नुसतं व्हय. राग नाही, समजूत नाही.

मग त्या आत गेल्या. आत भांडं कशाला तरी घासल्याचा आवाज आला, रांजणाच्या तळाशी. पितळेचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. निम्माही भरलेला नव्हता, आणि त्या पाण्याचा रंग मला उन्हात दिसला. त्यांनी तो सरांपुढे धरला.

सर दोन्ही हात जोडून मागे सरकले. "नको, मावशी. तुम्हालाच नाही. नको. मी कुठल्या तोंडानं..."

"घ्या," त्या म्हणाल्या. "आमाला न विचारता आमचं पानी देऊन टाकलं तुमी. आज मी माज्या हातानं देते तर न्हाई म्हनता?"

सरांनी तांब्या घेतला. एक थेंब सांडू दिला नाही. सगळं पाणी प्यायले, शेवटपर्यंत, तळाची राडसुद्धा. सुभद्राबाई ते संपेपर्यंत समोर उभ्या राहून बघत होत्या.